पाळणाघराचं अंगण मुलांसाठी उघडताना

आमच्या पाळणाघराला मागे चांगलं प्रशस्त अंगण आहे. पण तिथे जुनी कपाटं, मोडक्या खुर्च्या आणि वाळत घातलेली दुपटी. अडीच ते पाच वर्षांची मुलं दिवसभर आत. हवा बरी असेल, मावशी मोकळ्या असतील आणि वेळ उरला तर बाहेर, म्हणजे जवळजवळ कधीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना वाचल्या आणि मला राहवेना. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी. सतरंजीवर बसून रंग भरताना दम कसा लागणार?

पहिलं काम अंगण तपासायचं. ते मी गुडघ्यांवर बसून, रांगत केलं, कारण उभ्याने बघितलं की मुलाच्या नजरेला काय पडतं ते कळतच नाही. कपाटाच्या तळाशी बाहेर आलेला खिळा, कुंपणाच्या तारेचं सुटलेलं टोक, नळाखाली भरून राहिलेली बादली. बादलीत दोन इंच पाणी असलं तरी लहान मूल बुडू शकतं, त्यामुळे रिकामी बादली पालथी ठेवायची हा नियम त्याच दिवशी झाला. कोपऱ्यातली कण्हेर काढून टाकली. दिसायला छान, पण पान, फूल, देठ सगळं विषारी. कठड्याच्या गजांमधली अंतरं मोजली. साडेतीन ते नऊ इंचांची फट सगळ्यात वाईट, त्यातून मुलाचं अंग जाऊ शकतं आणि डोकं अडकतं.

घसरगुंडीखाली सिमेंट होतं. तिथे गुळगुळीत गवतासारखा हिरवा गालिचा टाकावा असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मला तो प्रकार मुळीच आवडत नाही, उन्हात चटके बसतात आणि खणायलाही काही उरत नाही. आम्ही सिमेंट फोडून वाळू भरली. सैल वाळूचा नऊ इंचांचा थर साधारण चार फुटांवरून पडणाऱ्याला सांभाळून घेतो. मात्र वाळू दबून कडक होते, म्हणून रोज सकाळी दाताळ्याने वरखाली करावी लागते. आणि रात्री झाकावी लागते, नाहीतर मांजरं आपली सोय करून जातात.

मग पालकसभा. कपडे मळतील, सर्दी होईल, पडेल. कपड्यांचं सोपं होतं: घरून एक जुना जोड आणून ठेवा. सर्दीचंही सांगता आलं, की ती विषाणूंमुळे होते आणि बंद खोलीत एकाची दहाजणांना लागायला वेळ लागत नाही. तिसऱ्या प्रश्नावर मात्र बराच वेळ गेला. एका बाबांनी सरळ विचारलं, "पडलं तर जबाबदार कोण?" आम्हीच, मी म्हटलं. पण खरचटणारच नाही असं लिहून देणार नाही. काय खरचटलं, कुठे, केव्हा, काय केलं, हे त्याच दिवशी वहीत लिहून घरी कळवू, एवढं लिहून दिलं. सगळे तयार झाले नाहीत. एका घराने मुलाला काढून घेतलं आणि मला त्यांचा राग आला नाही.

अंगणात काय ठेवायचं यावर मी फार खर्च केला नाही. १९७१ मध्ये ब्रिटिश शिल्पकार सायमन निकोल्सन यांनी सुट्या वस्तूंची कल्पना मांडली: हलवता, जोडता, मोडता येतील अशा गोष्टी जितक्या जास्त, तितकी मुलांची कल्पकता जास्त. आम्ही फळ्या, टायर, पाइपचे तुकडे, पाण्याचे मग आणि दोर ठेवले. एक चिमुरडी पाइपच्या एका तोंडातून पाणी ओतायची आणि पळत दुसऱ्या तोंडाशी जायची. पाणी काही यायचं नाही, कारण ते टोक वर होतं. तिने पाइपात डोकावलं, हाक मारली, मग ते टोक उचलून टायरवर ठेवलं, म्हणजे अजूनच वर. शेजारच्या मुलाने टायर काढला. धो धो पाणी दोघांच्या पायांवर. "खाली केलं की येतं!" हे ती नंतर भेटेल त्याला सांगत होती. मी जवळच उभी होते. टोक खाली कर म्हणायला जीभ शिवशिवत होती.

कारण खरी अडचण आम्ही मोठी माणसं. नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार सांगितले: उंची, वेग, धोक्याची अवजारं, पाणी-आगीसारख्या गोष्टी, झोंबाझोंबी, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. आमच्या ताईंना या सहाही गोष्टींवर "नको" म्हणायची सवय होती. आम्ही "पडशील!" हा शब्द बंद केला. त्याऐवजी विचारायचं: "आता पाय कुठे ठेवशील?" मुलाचं लक्ष भीतीवरून पायाकडे जातं. दुसरा नियम, उचलून वर ठेवायचं नाही. स्वतः चढता येत नसेल तर ती उंची अजून त्याची नाही. चढण्याआधी गळ्यातलं काही, टोपीची नाडी, लांब ओढणी काढायची, कारण ती अडकून फास बसतो. आणि कोणी कुठे उभं राहायचं ते ठरलेलं. घोळका करून गप्पा मारणं बंद, प्रत्येकीचा एक कोपरा, दार ओलांडताना डोकी मोजायची. यात सगळ्यात तरबेज निघाल्या आमच्या मावशी. न ओरडता, न धावता, चढणाऱ्या मुलापाशी बरोबर हाताच्या अंतरावर असायच्या.

वेळापत्रक मात्र अजून ऋतूप्रमाणे हलतं. कडक उन्हात सकाळी लवकर बाहेर, आणि पत्र्याच्या घसरगुंडीवर आधी स्वतःचा हात ठेवून बघायचा. रिमझिम पावसात आम्ही जातो, फक्त नंतर कपडे बदलायला माणूस जास्त लागतं. आकाश गडगडलं की सगळे आत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास दार उघडत नाही, मग मुलं कितीही भुणभुण करोत.