धर्माच्या दारातून आलेली भाषा

अल्बेनियाविषयी काहीही वाचायला घेतले, की पाश्को वासा यांची एक ओळ हमखास समोर येते. चर्चकडे आणि मशिदींकडे पाहू नका, अल्बेनियन माणसाचा धर्म म्हणजे त्याचे अल्बेनियनपण, असा तिचा आशय आहे. १८८० च्या आसपासच्या एका कवितेतली ही ओळ पुढे राष्ट्रवादाची घोषणा झाली, कम्युनिस्ट राजवटीने ती आपल्या सोयीने वापरली आणि आजही पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांत ती छापलेली असते. वासा स्वतः श्कोदर शहरातले कॅथलिक होते, ऑटोमन सुलतानाच्या चाकरीत चढत गेले आणि १८८३ पासून १८९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत लेबनॉनचे प्रशासक होते. त्यांनी ही ओळ लिहिली ती आपले लोक धर्मावरून फुटले आहेत या दुःखापोटी. ती वाचणारे मात्र या लोकांना धर्माचे मुळातच सोयरसुतक नव्हते, असा अर्थ काढतात. मला तो पटत नाही. ज्या भाषेने या फुटलेल्या लोकांना एकत्र बांधले, ती भाषा कागदावर आणण्याचे काम मुख्यतः धर्माच्या माणसांनीच केले, आणि त्यांनी ते केले ते बाप्तिस्मा, मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली सामूहिक उपासना, अंत्यविधी अशा अगदी प्रत्यक्ष गरजांतून.

अल्बेनियन भाषेतले आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लिखित वाक्य हेच सांगते. दुर्रसचे आर्चबिशप पाल एंजेली हे ऑटोमन तुर्कांशी लढणाऱ्या अल्बेनियन सेनानी स्कंदरबेगाचे निकटवर्ती सल्लागार होते. १४६२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी आपल्या धर्मप्रांतातील पाद्रींसाठी लॅटिनमध्ये एक पत्र लिहिले. तुर्कांशी लढाई चालू होती आणि डोंगराळ मुलुखातून तान्ह्या बाळाला चर्चपर्यंत आणणे अनेकांना शक्य नव्हते. म्हणून आईवडिलांनी घरीच ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो’ हे वाक्य आपल्या भाषेत म्हणावे, अशी मुभा त्यांनी दिली आणि त्या लॅटिन पत्रात ते एक वाक्य अल्बेनियनमध्ये लिहून ठेवले. फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात हे पत्र विसाव्या शतकात रुमानियन इतिहासकार निकोलाय योर्गा यांना सापडले. ते वाक्य लिहिताना आर्चबिशपांच्या मनात साहित्याचा विचार असण्याचे काहीच कारण नव्हते. त्यांना मुलांच्या मोक्षाची चिंता होती.

त्यानंतर जवळजवळ एका शतकाने पहिले ज्ञात पुस्तक येते. जोन बुझुकू नावाच्या कॅथलिक पाद्रीने १५५५ मध्ये पूर्ण केलेला हा मिस्साग्रंथ, ‘मेशारी’, आज एकाच प्रतीच्या रूपाने उरला आहे. ती व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे आणि तिची सुरुवातीची पाने गहाळ असल्यामुळे मुखपृष्ठावर काय छापले होते, पुस्तक नेमके कोठे छापले गेले, हे प्रश्न अनुमानावर सोडावे लागतात. स्कोप्येचे आर्चबिशप जोन काझाझी यांना ही प्रत १७४० मध्ये रोममध्ये दिसली, तोवर ती विस्मरणातच गेली होती. बुझुकूविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतेक सगळे त्याने स्वतः शेवटी जोडलेल्या मजकुरातून आले आहे. पवित्र शास्त्रातले काहीही आपल्या भाषेत समजेल असे उपलब्ध नाही, म्हणून आपल्या लोकांवरच्या प्रेमापोटी हे काम हाती घेतले, असे तो लिहितो. आपल्या भाषेतले हे पहिलेच काम असल्याने ते फार अवघड होते, असे सांगून राहिलेल्या चुकांबद्दल तो क्षमाही मागतो. अल्बेनियनमधले काही ध्वनी लॅटिन अक्षरांत बसत नसल्याने त्याने त्यांच्यासाठी खास चिन्हे वापरली. एखादी भाषा पहिल्यांदा छापखान्यात नेणाऱ्याच्या अडचणी किती साध्या आणि किती जिकिरीच्या असतात, ते या मजकुरातून कळते. मला अल्बेनियन वाङ्मयाच्या साऱ्या इतिहासात हा मजकूर सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्याच्या लेखकाच्या जन्ममृत्यूच्या तारखाही मागे राहिलेल्या नाहीत.

सतराव्या शतकातल्या कॅथलिक लेखकांची नावे पाठ्यपुस्तकांत एका दमात घेतली जातात. प्येतर बुदी यांनी १६१८ मध्ये रोममध्ये ख्रिस्ती प्रश्नोत्तरी छापली आणि तिच्या जोडीने हजारो ओळींचे पद्य दिले. फ्रांग बार्धी यांचा लॅटिन-अल्बेनियन शब्दकोश १६३५ चा, म्हणजे कोशकार त्या वेळी तिशीसुद्धा गाठलेला नव्हता. या परंपरेतला खरा गद्यकार मात्र प्येतर बोगदानी. १६८५ मध्ये पादुआ येथे छापलेला त्यांचा ‘प्रेषितांचा समूह’ हा ग्रंथ भाषांतर नसून अल्बेनियनमध्ये स्वतंत्रपणे लिहिलेले पहिले मोठे गद्य मानला जातो, आणि त्यात ईश्वरशास्त्राबरोबर तत्त्वज्ञान आणि खगोलशास्त्रही येते. बोगदानी यांनी नंतर ऑस्ट्रियन सैन्याच्या बाजूने ऑटोमनांविरुद्ध माणसे उभी केली आणि १६८९ च्या अखेरीस प्रिश्तिना येथे प्लेगने त्यांचा मृत्यू झाला. पुस्तक आणि बंड यांत त्यांना विसंगती दिसत नव्हती.

एवढ्यावर थांबले तर अल्बेनियन साहित्य ही रोमची देणगी ठरते, आणि श्कोदरच्या काही अभ्यासकांना तसे म्हणायला आवडतेही. पण अठराव्या शतकात बेरातमधला नेझीम फ्राकुला अरबी लिपीत अल्बेनियन दिवाण, म्हणजे फारसी धाटणीचा काव्यसंग्रह, रचत होता, आणि आपल्या भाषेत दिवाण रचणारे आपणच पहिले, असा त्याचा अभिमानाचा सूर होता. तुर्की आणि फारसी शब्दांनी भरलेली त्याची भाषा राष्ट्रवादी समीक्षकांना पुढे अशुद्ध वाटली. हा निवाडा अन्यायाचा आहे, कारण दरबारी काव्याचे संकेत अल्बेनियनमध्ये पेलता येतात हे त्याने दाखवून दिले. दक्षिणेकडचे ऑर्थोडॉक्स लेखक याच काळात बहुधा ग्रीक लिपी वापरत. एकाच भाषेसाठी तीन लिप्या होत्या आणि प्रत्येक लिपी कोणत्या ना कोणत्या धर्माची खूण होती. लिपीचा प्रश्न म्हणूनच केवळ व्याकरणकारांचा उरला नाही.

फ्राशरी बंधूंचे महत्त्व येथे कळते. दक्षिणेतल्या फ्राशर गावातले हे मुस्लीम कुटुंब बेक्ताशी सूफी परंपरेतले होते. अब्दुल राजकारणात पुढे आला, नाईम कवी झाला आणि सामी कोशकार. नाईम आणि सामी हे दोघे यानिना येथील ग्रीक विद्यालयात शिकले, म्हणजे तेक्क्यातली, सूफी मठातली, फारसी आणि शाळेतले होमर त्यांच्या घरात एकत्र नांदत होते. नाईमने १८८४ मध्ये फारसी कवितांचा संग्रह काढला आणि दोनच वर्षांनी गुरेढोरे आणि शेती यांवरचे आपले अल्बेनियन काव्य बुखारेस्टमध्ये प्रसिद्ध केले, कारण ऑटोमन प्रदेशात अल्बेनियन छपाईवर बंधने होती. १८९८ या एकाच वर्षी त्याची दोन दीर्घकाव्ये आली. एक करबलाच्या शोकांतिकेवर, दुसरे ख्रिस्ती वीर स्कंदरबेगावर. ज्याने पंचवीस वर्षे सुलतानाच्या फौजांना तोंड दिले, त्याचे चरित्र सुलतानाच्याच सरकारात नोकरी करणाऱ्या बेक्ताशी कवीने गावे, यात त्याला काही वावगे वाटले नाही. मला ही जोडी वासांच्या घोषणेपेक्षा जास्त बोलकी वाटते. नाईमने धर्म बाजूला ठेवलेला नाही, त्याने आपल्या धर्मात इतरांसाठी जागा केली आहे.

सामीची गोष्ट वेगळ्याच कारणाने चक्रावून टाकते. तुर्की भाषेचा ‘कामूस-ई तुर्की’ हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा प्रमाण कोश त्याचा, इतिहास-भूगोलाचा सहा खंडांचा ज्ञानकोश त्याचा, आणि पहिल्या तुर्की कादंबऱ्यांत गणली जाणारी १८७२ ची कादंबरीही त्याचीच. त्याच माणसाने १८७९ मध्ये इस्तंबूल येथे अल्बेनियनसाठी नवी वर्णमाला तयार केली आणि १८९९ मध्ये अल्बेनियाच्या भवितव्यावर राजकीय पुस्तिका लिहिली. तुर्की राष्ट्रवाद आणि अल्बेनियन राष्ट्रवाद हे दोघेही आज त्याच्यावर हक्क सांगतात, आणि दोघांचाही हक्क खरा आहे.

लिपीचा निकाल १९०८ च्या नोव्हेंबरमध्ये मोनास्तीर येथील परिषदेत लागला. अध्यक्षपदी अब्दुलचा मुलगा मिधात फ्राशरी होता आणि वर्णमाला ठरवणाऱ्या समितीचे प्रमुखपद फ्रान्सिस्कन पाद्री ज्येर्ज फिश्ता यांच्याकडे होते. इस्तंबूलची वर्णमाला आणि निव्वळ लॅटिन वर्णमाला, अशा दोन्हींना तेव्हा मान्यता मिळाली आणि काही वर्षांत दुसरीच टिकली. फिश्ता यांचे ‘डोंगराळ मुलुखाचे वाद्य’ हे महाकाव्य तीस सर्गांचे आणि पंधरा हजारांहून अधिक ओळींचे आहे. त्यात डोंगरी टोळ्यांची बोली, शाहिरी छंद आणि सीमेवरची लढाई आहे, आणि स्लाव शेजाऱ्यांविषयीचा कडवटपणाही आहे. तो आज वाचताना खटकतो, आणि खटकायलाच हवा. या कडवटपणाचे आणि पाद्रीपणाचे निमित्त करून कम्युनिस्टांनी फिश्ता यांचे नावच पाठ्यक्रमातून पुसून टाकले, ते १९९० पर्यंत.

ऑर्थोडॉक्स बाजूला भाषेचा प्रश्न अक्षरशः जिवावर बेतणारा होता. उपासना ग्रीकमध्येच व्हावी, असा कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठाचा आग्रह होता. पापा क्रिस्तो नेगोवानी या पाद्रीने १९०५ च्या फेब्रुवारीत आपल्या गावी अल्बेनियनमध्ये उपासना केली आणि त्यानंतर लगेचच सशस्त्र ग्रीक टोळीने त्याची हत्या केली. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्समधील हडसन गावी क्रिस्ताक दिश्नीत्सा हा तरुण स्थलांतरित मरण पावला, आणि तो अल्बेनियन राष्ट्रवादी असल्याच्या कारणावरून ग्रीक पाद्रीने त्याचा अंत्यविधी करण्यास नकार दिला. त्या संतापातून फान नोली पुढे आले. थ्रेसमधल्या एका अल्बेनियन गावात जन्मलेले, ग्रीक शाळेत शिकलेले, अथेन्समध्ये नाटक कंपनीबरोबर काम केलेले आणि इजिप्तमध्ये शिक्षकी केलेले हे गृहस्थ तेव्हा विशी-पंचविशीत होते. रशियन ऑर्थोडॉक्स आर्चबिशपांकडून त्यांनी दीक्षा घेतली आणि २२ मार्च १९०८ रोजी बोस्टनमधल्या भाड्याच्या सभागृहात अल्बेनियन भाषेत उपासना चालवली.

नोली १९२४ मध्ये काही महिने अल्बेनियाचे पंतप्रधानही होते, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात त्यांचे राजकीय प्रतिस्पर्धी अहमेत झोगू यांनी त्यांना हुसकावून लावले. राज्यकर्ते म्हणून ते अपयशी ठरले, हे त्यांचे चाहतेही मान्य करतात. परंतु शेक्सपिअर, इब्सेन, उमर खय्याम आणि सर्व्हांतेस त्यांनी ज्या अल्बेनियनमध्ये आणले, ती भाषा नंतरच्या लेखकांनी पायाभूत मानली. बिशपने मद्यावरच्या रुबायांचे भाषांतर करावे आणि वाचकांनी ते डोक्यावर घ्यावे, हा प्रकार मला मनापासून आवडतो. कुराणाच्या पहिल्या छापील अल्बेनियन भाषांतरालाही १९२१ मध्ये सुरुवात केली ती इलो कफझेझी या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती गृहस्थाने, इंग्रजीवरून.

एन्व्हर होजा यांच्या कम्युनिस्ट राजवटीने १९६७ मध्ये धर्मच बेकायदा ठरवला. दोन हजारांहून अधिक चर्च, मशिदी आणि तेक्के बंद झाले. श्त्येफन कुर्ती या वृद्ध कॅथलिक पाद्रींना एका बाळाला बाप्तिस्मा दिल्याबद्दल १९७० च्या दशकाच्या आरंभी गोळ्या घालण्यात आल्या. आणि बंदीच्या दुसऱ्याच वर्षी, १९६८ मध्ये, राजधानी तिरानामध्येच बुझुकूच्या मिस्साग्रंथाची संशोधित आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती सिद्ध केली होती व्हिएन्नात शिकलेले भाषाशास्त्रज्ञ एक्रेम चाबेय यांनी. मिस्सा म्हणणे गुन्हा होता, मिस्साग्रंथाची क्रियापदे तपासणे ही राष्ट्रसेवा होती. धर्म वजा करून भाषेचा इतिहास सांगायचा, तर पहिली तीनशे वर्षे हाती काय उरते, हे चाबेय यांच्याइतके त्या देशात कोणालाच चांगले ठाऊक नसावे.

या बंदीचा एक धागा भारतापर्यंत येतो. मदर तेरेसा यांचा जन्म १९१० मध्ये स्कोप्ये येथील अल्बेनियन कॅथलिक कुटुंबात झाला आणि १९२९ मध्ये त्या भारतात आल्या. त्यांची आई आणि बहीण पुढे तिरानामध्ये राहत होत्या. त्या दोघींना बाहेर पडू दिले गेले नाही आणि मुलीला आत येऊ दिले गेले नाही. आई १९७२ मध्ये आणि बहीण १९७३ मध्ये वारली, तेव्हा जगभर फिरणाऱ्या या बाईंना अल्बेनियात पाऊल टाकता आलेले नव्हते. ती परवानगी १९८९ मध्ये मिळाली. आता तिरानाच्या विमानतळाला त्यांचेच नाव आहे, आणि त्या अल्बेनियाच्या, मॅसिडोनियाच्या की भारताच्या, यावर अधूनमधून सरकारी पातळीवरही कुरबुरी झालेल्या आहेत.