बाझलच्या बँकेतले तीन हजार शेअर

रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदाखालच्या टिपांमध्ये संभाव्य देण्यांची एक नोंद असते: बीआयएसच्या अंशतः भरणा झालेल्या शेअरवरची न मागवलेली रक्कम. बीआयएस म्हटलं की आपल्याकडे सोन्याचा हॉलमार्क आठवतो, पण ही बीआयएस निराळी. स्वित्झर्लंडमधल्या बाझलची ही बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स, म्हणजे मध्यवर्ती बँकांची बँक, 1930 साली जर्मनीच्या युद्धभरपाईचे हप्ते हाताळायला काढलेली.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत सदस्य असतो तो देश. तिथला कोटा, म्हणजे सदस्याचा वाटा, भारताच्या नावावर आहे. बीआयएसमध्ये मात्र सदस्य आहे ती रिझर्व्ह बँक स्वतः, 1996 पासून, चीन, ब्राझील, रशिया वगैरे नऊ जणांच्या तुकडीतून. सरकारचा तिथे शेअर नाही, आणि बीआयएसच्या घटनेच्या कलम 24 प्रमाणे ती बँक कुठल्याही सरकारला कर्ज देऊ शकत नाही की सरकारच्या नावाने चालू खातं उघडू शकत नाही.

आता हिशेब. एका शेअरची दर्शनी किंमत 5,000 एसडीआर (नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, काही प्रमुख चलनांच्या किमतीवरून ठरणारं). त्यातले 25 टक्के, म्हणजे 1,250, भरलेले. उरलेले 3,750 बीआयएसचं संचालक मंडळ तीन महिन्यांची नोटीस देऊन मागवू शकतं. रिझर्व्ह बँकेकडे 3,000 शेअर, म्हणजे देणं 1 कोटी 12 लाख 50 हजार एसडीआर. एसडीआर 100 रुपयांना धरला तर 112.5 कोटी, 110 धरला तर 123.75 कोटी. आकडा वाढला म्हणून रिझर्व्ह बँकेने नवे शेअर घेतले असं वाचणारे हमखास फसतात. बहुधा हललेला असतो तो फक्त रुपयाचा दर. भरलेल्या 1,250 वरून खरेदीची किंमत काढायलाही जाऊ नये, कारण नव्या सदस्यांना शेअर अधिमूल्याने, म्हणजे दर्शनी हिशेबापेक्षा जास्त किमतीला मिळतात.

पूर्वी हे शेअर खासगी लोकांकडेही होते, पण मताविना. त्या शेअरवरचं मत ज्या देशात ते विकले गेले तिथल्या मध्यवर्ती बँकेचं. 2001 मध्ये बीआयएसने ते सक्तीने परत घेतले, दर शेअरला 16,000 स्विस फ्रँक देऊन. काही भागधारक हेगच्या लवादाकडे गेले आणि भाव 23,977.56 फ्रँकवर गेला. मध्यवर्ती बँकांच्या बँकेला हिशेब असा दुरुस्त करावा लागला, हे मला अजून गमतीचं वाटतं.

आणखी एक गल्लत: बीआयएसचं सदस्यत्व म्हणजे बाझल समितीचं, म्हणजे बँकांवरच्या देखरेखीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीचं, सदस्यत्व नव्हे. समितीची कचेरी बीआयएसच्याच इमारतीत असली तरी भारत तिच्यात आला तो 2009 साली, तेरा वर्षांनी. बँकांनी किती भांडवल राखावं याचे तिचे नियम कुणावर कायद्याने बंधनकारक नसतात. आपल्या बँकांना ते लागू होतात रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांमुळे.