पटावरचं एकसष्टावं नाव

जुलै 2024 चा शेवटचा आठवडा. पावसाची झड लागलेली. ऑफिसच्या कोपऱ्यात छत टपकत होतं, म्हणून मी पोषण आहाराचं एक जुनं पातेलं खाली ठेवलं होतं. दाराशी पहिलीतल्या एका पोरीची आई उभी राहिली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. ती काय मागणार ते मी ओळखलं, कारण त्याच आठवड्यात दोघी तशाच येऊन गेल्या होत्या.

"मॅडम, टीसी पाहिजे होती जी. पोरीचा नंबर लागला."

नंबर म्हणजे आरटीईच्या, शिक्षण हक्क कायद्याच्या, लॉटरीत. आणि तिचा तो फॉर्म मीच भरला होता.

मी पूर्व नागपुरातल्या एका मनपा शाळेची मुख्याध्यापिका. त्या उन्हाळ्यात माझी ड्यूटी आरटीई मदत केंद्रावर लागली होती. म्हणजे आपल्या वस्तीतली पोरं खासगी शाळेत गरिबांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के जागांवर कशी जातील, हे आम्हीच कॉम्प्युटरसमोर बसून बघायचं. त्या वर्षी तर त्यातही घोळ. 9 फेब्रुवारीला सरकारनं अधिसूचना काढली, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ती 25 टक्क्यांची सक्ती नाही. एप्रिलमध्ये ही बाई केंद्रावर आली, मी पत्ता टाकला, आणि यादीत पहिलं नाव आमच्याच शाळेचं. ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इथं तर मी पोरीचा हात धरून बी नेऊ शकते. याले फॉर्म कायले भरायचा?"

मला काही उत्तर सुचलं नाही. त्या दिवसांत केंद्रावर माश्याच होत्या.

6 मे रोजी हायकोर्टानं अधिसूचनेला स्थगिती दिली, फॉर्म नव्यानं सुरू झाले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत कूलर नुसता आवाज करत होता. ती पुन्हा आली आणि आम्ही दोघींनी मिळून दहा शाळा निवडल्या. दोन शाळा तिनं केवळ पोरांच्या टायवरून सांगितल्या. मी हसले नाही. माझी स्वतःची मुलगी सीबीएसई शाळेत शिकली, टाय बांधूनच. मी कोणत्या तोंडानं हसू?

निकाल मात्र कोर्टात प्रकरण असल्यानं अडकला. 19 जुलैला हायकोर्टानं अधिसूचनाच रद्द केली आणि मग याद्या लागल्या. तोवर विदर्भातल्या शाळा सुरू झालेल्या. तिनं पोरीला आमच्याकडे बसवलं होतं. गणवेश दिला होता, बालभारतीची पुस्तकं दिली होती, आणि पोरगी 'क'पर्यंत आली होती.

आता माझं दुखणं सांगते. आमचा पहिली ते पाचवीचा पट 63 होता. दोघी गेल्या, 61 राहिले. कायद्याच्या हिशेबानं साठापर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टला तिसरा. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे सरकार ठरवतं तेव्हा, 30 सप्टेंबरचा पट बघतात. म्हणजे ही एक टीसी फाडली, की तिसरं पद धोक्यात. ते पद ज्या मॅडमचं, त्याच पहिलीला शिकवतात. त्या अतिरिक्त ठरल्या तर दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे, त्यातला एक बीएलओच्या, म्हणजे मतदारयाद्यांच्या, कामाला बाहेर.

माझा भाऊ बँकेत आहे. तो नेहमी म्हणतो, सरकारनं पैसा शाळेला देऊच नये, मुलाच्या हाती हव्या त्या शाळेत फी म्हणून चालणारं व्हाउचर द्यावं, शाळा आपोआप सुधारतील. मिल्टन फ्रीडमन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं 1955 मध्ये हे मांडलं, चिलीत 1981 पासून करून पाहिलं, हे मला त्याच्याकडूनच कळलं. चिलीत शाळाच मुलं निवडायला लागल्या, वरून फी घ्यायला लागल्या आणि 2015 मध्ये ते थांबवायला कायदा करावा लागला, हे मी शोधून त्याला सांगितलं. त्यावर तो विषय बदलतो. पण मीही प्रामाणिकपणे सांगायला हवं: त्या बाईला माझ्या शाळेत डांबून ठेवून माझी शाळा सुधारली असती, असं मला वाटत नाही. मला राग वेगळ्याच हिशेबाचा आहे. तिकडे खासगी शाळेला त्या पोरीमागे सरकार वर्षाला जास्तीत जास्त 17,670 रुपये देणार, आणि तेही वेळेवर मिळत नाहीत म्हणून संस्थाचालक ओरडतात. इकडे तीच पोरगी गेली, की अख्खा शिक्षक जातो. साठ पोरं तिथंच बसलेली असताना.

हे सगळं मी तिला सांगितलं का? नाही. काय सांगणार, तुझी पोरगी थांबव, माझा पट जातो?

मी रजिस्टर उघडलं. तिनं विचारलं, पुस्तकं परत करायची का. म्हटलं, राहू द्या. बसचं विचारलं. म्हटलं, ते लॉटरीत नसतं, बसचे पैसे तुम्हालाच भरावे लागतील. तिचा नवरा कळमना मार्केटला हमाली करतो. तिनं मनात काहीतरी बेरीज केली आणि मान हलवली.

टीसीवर 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असतो. मी 'पालकांची इच्छा' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. पोरगी वर्गातून दप्तर घेऊन आली. तिला खिचडी खाऊन जायचं होतं. आई म्हणाली, खा पटकन.

पोरगी जेवत होती तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "मॅडम, तिथं नाही जमलं तर वापस घ्यान न?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तीस सप्टेंबरच्या आधी आणा."

तिनं बोटांवर मोजलं. "म्हणजे महालक्ष्म्या झाल्यावर चालते न जी?"

"चालते," मी म्हटलं.