पिशवी शिवल्यावर काय उरते?

माझ्या हातातली कात्रणांची छोटी पिशवी पाहिली की बहुतेकजणी एकच प्रश्न विचारतात: ही शिवताना काहीच वाया जात नाही असे तुम्ही म्हणता, मग कापून उरलेल्या तुकड्यांचे काय करता? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते. मी कात्रणे कापतच नाही, त्यामुळे कापून उरण्याचा प्रश्न येत नाही.

हे मला आधीपासून कळत होते असे नाही. 2018 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा मी आमच्या शिंप्याकडून ब्लाउजच्या कात्रणांचे एक गाठोडे आणले आणि सगळ्या तुकड्यांचे हौसेने तीन-तीन इंचांचे चौकोन कापले. पिशवी नेटकी झाली, पण मुंढ्याचे (बाही जोडायच्या गोलाईचे) आणि गळ्याचे जे वाकडे तुकडे होते त्यांचा जवळजवळ तिसरा हिस्सा कचऱ्याच्या डब्यात गेला. तो डबा पाहून मला माझ्या आजीची वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांची गोधडी, आठवली. तिच्यात एकही तुकडा चौकोनी नव्हता. जो जसा होता तसा तो शेजारच्या तुकड्याच्या पोटाखाली सरकवलेला होता, आणि दिसत होते ते फक्त दुमडलेल्या कडा आणि धावदोऱ्याच्या, म्हणजे साध्या सरळ टाक्यांच्या, ओळी.

तेव्हापासून मी पिशवी वाकळीसारखीच करते. जुन्या सुती साडीचे दोन्ही काठ आधी फाडून बाजूला ठेवते. उरलेला पन्हा (कापडाची रुंदी) 45 इंच भरला, की त्याच्या 9 इंच रुंदीच्या बरोबर 5 पट्ट्या निघतात, म्हणून माझी पिशवी या मापाची आहे. माप साडीने ठरवले आहे, मी नव्हे. कातरीऐवजी हाताने फाडल्यामुळे कापड धाग्याला सरळ फाटते. 44 इंच लांबीची पट्टी दुमडून 22 इंचांचा दुहेरी तळ करायचा आणि त्यावर एका टोकापासून कात्रणे मांडत जायचे. प्रत्येक तुकड्याची गोलाई किंवा निमुळते टोक पुढच्या तुकड्याखाली जाते. पुढच्या तुकड्याची कड पाव इंच आत दुमडून त्यावर टाके घालायचे. सर्वांत बाहेरच्या कडा तळासकट अर्धा इंच आत वळवायच्या आणि मग अर्ध्या-अर्ध्या इंचावर धावदोऱ्याच्या ओळी घालायच्या. नखाएवढी कात्रणे दुहेरी तळाच्या दोन थरांमध्ये सपाट पसरली, तर पिशवीला अंग येते; मात्र तिथे अस्तराचे सिंथेटिक तुकडे घालू नयेत, ते सरकून गोळा होतात. कात्रणे आधी भिजवून घ्यावीत, हेही कळकळीने सांगते: लाल खणाचा रंग उतरून माझी एक पांढरी पट्टी कायमची गुलाबी झाली आहे.

असे तयार झालेले कापड चारही बाजूंनी बंद असते, म्हणून ते मधोमध दुमडून दोन्ही बाजू बाहेरूनच बारीक आडव्या टाक्यांनी जोडता येतात आणि आत एकही दशी लोंबत नाही. पिशवीच्या बुडाला रुंदी हवी असेल तर उलट्या बाजूने कोपऱ्यांचे त्रिकोण करून आडवी शिवण घालतात आणि टोके कापून टाकतात. मी ती टोके बुडावर पालथी घालून शिवून टाकते, कारण ओझे पडते ते नेमके तिथेच. बाजूला ठेवलेला साडीचा काठ दुहेरी शिवला की त्याचा पिशवी धरायचा बंद होतो.

एका पिशवीला माझ्या तीन-चार दुपारी लागतात. अशा रीतीने शिवलेली पहिली पिशवी मी अजून वापरते. मंडईतून येताना तिच्यात एक नारळ, लिंबे आणि कोथिंबिरीची जुडी मावते. गेल्या वर्षी तिचा एक कोपरा विरला, तेव्हा गाठोड्यातला मुंढ्याचा एक वाकडा तुकडा त्यावर अगदी जसाच्या तसा बसला.