महाराष्ट्र एक्सप्रेसनं म्युझियम पाहत पाहत: नागपूर ते कोल्हापूर

नागपुरात ऑटोवाल्याला मध्यवर्ती संग्रहालय म्हटलं तर तो दोन मिनिटं विचार करतो, अजब बंगला म्हटलं की सरळ सिव्हिल लाइन्सला आणून सोडतो. 1863 पासूनचं हे म्युझियम, सर रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असताना सुरू झालेलं. पेंढा भरलेले प्राणी पाहायला लहानपणी सगळेच जातात, पण मोठेपणी परत गेलं पाहिजे, आणि गुंगेरियाची तांब्याची हत्यारं शोधून पाहिली पाहिजेत. 1870 मध्ये बालाघाटकडच्या या गावात 424 तांब्याच्या वस्तू आणि 102 चांदीचे पत्रे एकत्र सापडले होते, त्यातल्या काही आपल्याकडं आहेत. बालाघाट आज मध्य प्रदेशात, मग वस्तू नागपुरात कशा? कारण 1956 पर्यंत त्या सगळ्या मुलखाची राजधानी नागपूरच होती ना भाऊ!

तिथनंच डोक्यात आलं की राज्यातले म्युझियम पाहायचे तर गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पकडायची आणि मधे मधे उतरत जायचं. त्याआधी नागपुरातच मोतीबागचं नॅरोगेज रेल म्युझियम उरकलं, 2002 चं आहे, जुनी इंजिनं, डबे, सिग्नल, पोरांसाठी छोटी गाडी. नागपूर-नागभीडची छोटी लाईन 2019 मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली, त्यामुळे ज्या गाडीत माणसं बसून गावी जायची ती आता इथंच पाहायची, मला तर ते डबे पाहून भरूनच आलं.

वर्ध्याला मगन संग्रहालय. 30 डिसेंबर 1938 ला गांधीजींनी उद्घाटन केलेलं, त्यांचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावानं. चरखे आहेत, ग्रामोद्योगाची अवजारं आहेत, आणि हे सगळं वापरायच्या हिशोबानं मांडलंय, नुसतं काचेआड ठेवायचं म्हणून नाही. लोक सेवाग्रामला बापूकुटी पाहून परत फिरतात, इथं येतच नाहीत, असं करू नका.

मग थेट पुणे. केळकर म्युझियमबद्दल किती लिहू! दिनकर केळकर, अज्ञातवासी नावानं कविता लिहायचे, त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला आणि त्याच्या नावानं या माणसानं गावोगाव फिरून वीस हजारांच्या आसपास वस्तू जमवल्या, दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्यं, स्वयंपाकघरातली भांडी. राजांच्या तलवारी सगळेच जमवतात हो, पण कोण्या अनोळखी बाईच्या हातातला अडकित्ता जपून ठेवायचा म्हणजे वेगळीच नजर पाहिजे. 1975 मध्ये त्यांनी हे सगळं सरकारला देऊन टाकलं. एवढं सगळं एका वेळी मांडायला जागाच नाही, बरंचसं आतच राहतं, ही मात्र खंत.

साताऱ्याला उतरलो ते छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयासाठी. 2024 च्या जुलैत लंडनहून वाघनखं आली ती आधी इथंच ठेवली होती, नंतर 2025 मध्ये आपल्या अजब बंगल्यात आली होती.

शेवटी कोल्हापूरचं टाऊन हॉल म्युझियम. बागेतली ती जुनी इमारतच सुरेख आहे, पण जायचं ते ब्रह्मपुरीच्या वस्तूंसाठी. 1945-46 च्या उत्खननाचं साहित्य इथं आहे आणि पंचगंगेकाठच्या त्या टेकडीवर चक्क ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती मिळाली होती. समुद्र घाटाखाली, आणि तरी एवढ्या लांबचा देव इथवर आला म्हणजे व्यापार केवढा असेल! तो व्यापार आणखी समजून घ्यायचा असेल तर गाडीची वाट सोडून धाराशिवकडं तेरला जा, लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे, इटलीत पाँपेईला मिळालेल्या मूर्तीशी नातं सांगणारी.

आता बंद दारांचं. या प्रवासात एका ठिकाणी (नाव नाही घेत) निम्मी दालनं कुलूपबंद, बाहेर काहीच लिहिलेलं नाही, तिकीट मात्र पूर्ण. शाळेची पोरं गाडी करून आली होती, बंद दाराच्या फटीतून पाहून राहिली होती. मला फार वाईट वाटलं. दुरुस्तीला बंद ठेवायला हरकत नाही, मुंबईत भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय कितीतरी वर्षं दुरुस्तीत होतं, 2008 मध्ये उघडलं ते काय देखणं होऊन उघडलं, त्या कामाला 2005 मध्येच युनेस्कोचं पारितोषिक मिळालं होतं. फक्त कोणतं दालन कशासाठी बंद आहे आणि कधी उघडणार हे गेटवर, तिकीट काढायच्या आधी दिसेल असं लिहा, लांबून आलेल्या माणसाला एवढं तर सांगाच. आणि अजब बंगला सोमवारी बंद असतो, बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन मंगळवारी जा.