क्रॉस सारखा जातोय? मग क्रॉस सोडून बाकी बघा

पाऊस ओसरला की आपल्या बेळगाव-खानापूर भागात गॅरेजवाल्यांकडं एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं, पिकअपवाला, आणि त्याचं म्हणणं पण ठरलेलं, "मेस्त्री, शाफ्टमधनं आवाज येवूलालाय बघा की, आत्ताच तर नवा क्रॉस घातलाय." मग माल डुप्लिकेट दिला म्हणून दुकानदाराला शिव्या. डुप्लिकेट माल असतोय, नाही असं नाही, पण वर्षात दुसऱ्यांदा क्रॉस गेला तर माझ्या मते आधी क्रॉस सोडून बाकी सगळं बघायला पाहिजे.

ज्यांची गाडी नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलच्या हौसिंगपर्यंत जो लांब पाइप फिरतो तो प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या टोकाला योकमध्ये, म्हणजे दोन कानांच्या काट्यात, चार पायांचा क्रॉस बसवलेला असतो, प्रत्येक पायावर एक वाटी आणि वाटीत बारीक सुया गोल लावलेल्या. मागचा ॲक्सल खड्ड्यात वरखाली होतो, गिअरबॉक्स मात्र जागेवरच, तरी इंजिनचं फिरणं चाकाला पोचलं पाहिजे, तेच काम ह्या योक आणि क्रॉसच्या जॉइंटचं.

जायच्या आधी तो सांगतो. हळू चालवताना खालनं चिमणी बोलल्यासारखं चिव चिव येतंय आणि स्पीडबरोबर वाढतंय म्हणजे ग्रीस संपलं. गिअर टाकून क्लच सोडताना टक्, ॲक्सिलेटर सोडला की परत टक्, म्हणजे सुया झिजल्या. गाडी सपाटीवर लावा, चाकांना दोन्ही बाजूनं ओट लावा, न्यूट्रल करा आणि खाली सरकून एका हातानं शाफ्ट, दुसऱ्या हातानं योक धरून उलटसुलट पिळा, क्रॉसमध्ये जरा जरी खेळ लागला तर तो गेलाच. वाटीच्या काठाला तांबूस भुकटी दिसली तर आत गंज, फक्त आपल्याकडं लाल मातीनं फसायला होतं, म्हणून एकदा फडक्यानं स्वच्छ पुसा, चार दिवस गाडी फिरवा, परत बघा, सगळीकडं नाही आणि नेमकी वाटीच्याच काठाला परत आली तर ती माती नव्हे.

आता मुख्य दुखणं. चोर्ला घाटानं गोव्याला भाजी नेणाऱ्या गाड्या पावसात रोज चिखलपाणी खातात, आणि वर आम्ही काय करतो, तर सर्व्हिसिंगच्या नावाखाली प्रेशरचं पाणी सरळ जॉइंटवर मारून घेतो. ते पाणी सीलमधनं आत जातंय. धुतल्यावर लगेच ग्रीस मारलं तर काही बिघडत नाही, पण धुणारा पोरगा क्रॉसच्या निप्पलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोटीला, गन लावून दोन दाब मारतो, झालं म्हणतो आणि पुढच्या गाडीकडं पळतो. चारही वाट्यांतनं जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं असतं. एखाद्या वाटीतनं आलंच नाही तर शाफ्ट जरा हलवा, वरखाली करा, परत मारा. तिथं ग्रीस पोचलं नाही तर तीच वाटी आधी मरणार. साधं लिथियमचं ईपी-2 ग्रीस चालतं. बिना-निप्पलचे सील केलेले क्रॉस पण मिळतात, त्यात भोक नसल्यानं ते दणकट म्हणतात आणि ते खरंय, पण खानापूरच्या पावसात मी तरी निप्पलवालाच घेणार.

दुसरं, पाटे, म्हणजे मागच्या ॲक्सलवरचे स्प्रिंगचे पट्टे. चिरे भरायचे म्हणून आम्ही मागं एक पाटा वाढवतो, रिकामी गाडी मागनं उंच होते आणि शाफ्टचा कोन बदलतो. जॉइंट कोनात फिरला की पुढचा भाग एकसारखा फिरत नाही, एका फेरीत दोनदा जोरात दोनदा हळू, 10 डिग्रीला साधारण दीड टक्का वर आणि दीड टक्का खाली. ही ओढाताण दुसऱ्या टोकाचा जॉइंट खाऊन टाकतो, पण कधी, तर दोन्हीकडचा कोन सारखा असेल आणि एकाच शाफ्टचे दोन्ही योक एका रेषेत असतील तेव्हाच. नाहीतर ठराविक स्पीडला सीटखाली थरथर, आणि नवा क्रॉस बघता बघता ढिला. पाटा वाढवलाय आणि थरथर आली तर ॲक्सल आणि पाट्याच्या मधे पाचर घालून कोन सुधारता येतो, ॲक्सलला पाटे आवळणारे यू-बोल्ट पण ढिले नाहीत ना बघा. लांब गाडीला शाफ्टचे दोन तुकडे असतात, मधल्या बेअरिंगचा रबर फाटला असेल तर नुसता क्रॉस बदलून काय उपयोग?

बदलायचाच झाला तर उतरवायच्या आधी शाफ्ट, योक आणि स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या सरकत्या जोडाच्या दात्यांवर, सेंटर पंचनं खूण मारा, खडूची खूण पुसली जाते, आणि एक दात जरी इकडचा तिकडं झाला तर योकची रेष बिघडली. शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये ठेवून थांबत नाही, चाकाशी संबंधच तुटलेला असतो, त्यामुळं ओट हलवू देऊ नका. वाटी अडकवून धरणारी सर्क्लिप काढून, व्हाइसमध्ये सॉकेट लावून वाट्या दाबून काढा, घण मारून पाइपला पोचा पाडू नका. जुना क्रॉस हातात आला की पायावर अंगठ्याचं नख फिरवा, सुयांच्या जागी उभे चर नखाला लागतील.

नवीन बसवताना हमखास एक भानगड होते. वाटी जाते जाते आणि सर्क्लिपच्या खाचेच्या अगदी जवळ येऊन अडते. शिकाऊ पोरगा तेव्हा हातोडा जोरात मारतो. आत एखादी सुई आडवी पडलेली असते ओ, मारली तर वाटी फुटणार. बाहेर काढायची, सुया ग्रीसनं चिकटवून परत गोल लावायच्या, मग ती मऊसूत जाते. चारही सर्क्लिप बसले की योकच्या कानांवर हलकेच हातोडी मारा, क्रॉस हातानं फिरायला पाहिजे, अडखळत असेल तर तसाच गाडीवर चढवू नका. शाफ्ट जिथं बोल्टनं जोडतो त्या फ्लँजचे नट नवेच घ्या आणि थोडी गाडी फिरवून परत एकदा आवळा.

आणि पुढचा जॉइंट टकटकतोय तरी दिवाळीपर्यंत ढकलू म्हणणाऱ्यांना एकच सांगतो, मागचा तुटला तर शाफ्ट रस्त्यावर घासत येतो, पुढचा तुटला तर तो रस्त्यात रुतून गाडीच उचलायला बघतो. घाटात उतरताना तर विचारूच नका. गाडीखाली शाफ्टला पट्टी लावलेली नसेल तर पुढच्या जॉइंटजवळ वेल्डरकडनं एक लोखंडी कडं लावून घ्या.