प्युरिफायर सतत लाल: सेन्सर, फिल्टर की पंखा?

पुण्यातली दहा बाय बाराची बेडरूम, तीन वर्षं जुना उभा गोल हवेचा प्युरिफायर, महिना जानेवारी. मशीनवरचा हवेतल्या बारीक धुळीचा आकडा १६८ वर चिकटलेला. खिडक्या उघडा, बंद करा, दुपार असो की पहाटेचे तीन, १६५ ते १७० च्या बाहेर तो जाईना. दिवा लाल, ऑटो मोडमुळे पंखा कायम फुल स्पीडवर, त्यात एक घरघर, आणि चालू केल्यावर पहिली दोन मिनिटं ओल्या पायपुसण्यासारखा वास. सर्व्हिस सेंटरचं फोनवरचं निदान असं: "फिल्टर बदला, नाही जमलं तर सेन्सरचा बोर्ड बदलू." दोन्हीचा खर्च मशीनच्या निम्म्या किमतीवर जात होता, म्हणून आधी नक्की बिघडलंय काय ते तपासायला घेतलं.

आकडा हलतच नसेल तर पहिला संशय सेन्सरवर. घरगुती मशीनमधला सेन्सर साधारण काड्यापेटीएवढा असतो. आत एक बारीक लेझर किंवा इन्फ्रारेड दिवा आणि बाजूला प्रकाश टिपणारा डोळा. हवेतला कण उजेडाच्या वाटेत आला की उजेड विखुरतो, तेवढा डोळ्याला दिसतो आणि त्यावरून आकडा निघतो. या पोकळीत एखादा केस किंवा कापसाचा तंतू अडकून बसला, की सेन्सरच्या लेखी तो कायमचाच कण. मग हवा कितीही स्वच्छ असो, आकडा उतरत नाही. याच्या उलटही होतं. हवा आत घेणारं भोक बुजलं, तर शेजारी मिरचीची फोडणी चालू असताना मशीन निवांत ७ दाखवत बसतं. हा बिघाड जास्त वाईट, कारण हिरवा दिवा बघून कोणी तक्रार करत नाही.

खात्री करायला हातात मावणारा वेगळा पीएम २.५ मीटर (घनमीटरभर हवेत २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण किती मायक्रोग्रॅम आहेत ते दाखवणारा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) शेजारी ठेवला. तो ४७ दाखवत होता, मशीन १६८. असा मीटर नसेल तर नुकतीच विझवलेली, अजून धुरणारी उदबत्ती सेन्सरच्या जाळीसमोर क्षणभर धरायची. चांगला सेन्सर दहा-पंधरा सेकंदांत उसळी घेतो आणि धूर गेला की काही मिनिटांत खाली येतो. उसळी घेत नसेल तर भोक बुजलंय, खाली येत नसेल तर आत काहीतरी बसलंय.

प्लग काढला (नुसतं बटण बंद करून भागत नाही). सेन्सरचं झाकण मशीनच्या कुशीला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, नखाने उघडणारं. खालच्या जाळीवर पिंजलेल्या कापसासारखा करडा थर. तो आधी कोरड्या ब्रशने बाहेरच्या बाजूला झाडला, आत ढकलला नाही. मग कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा वापरून दोन-तीन हलके झोत. टॉर्च तिरपा धरल्यावर लेन्सच्या कडेला आडवा पडलेला जेमतेम सेंटीमीटरभर केस दिसला. सगळा गोंधळ त्याचाच. इअरबड साध्या पाण्यात बुडवून, टिश्यूवर टिपून, लेन्सवर अर्धा फेरा फिरवला, लगेच कोरड्या इअरबडने पुसलं. सॅनिटायझर, स्पिरिट, काच पुसायचं लिक्विड यांपैकी काहीही नको. प्लास्टिकची लेन्स धुरकट होते आणि मग बोर्ड खरंच बदलावा लागतो. दाबाच्या हवेचा कॅनही नको, कारण तो धूळ आणखी खोल बसवतो. ज्या मॉडेलमध्ये लेन्स बाहेरून दिसतच नाही, तिथे जाळी आणि फुग्यावर थांबायचं, सेन्सरची पत्र्याची डबी उघडायची नाही.

दहा मिनिटांनी चालू केल्यावर आकडा ५२ वर आला. मीटर ४७ असताना ५२ म्हणजे उत्तम. हे सेन्सर एकमेकांशी तंतोतंत कधीच जुळत नाहीत.

इथे बरेच जण थांबतात. मशीन गप्प झालं म्हणजे हवा साफ झाली, असं नसतं. कित्येक महिने खोट्या लाल दिव्यामुळे पंखा चोवीस तास फुल स्पीडवर चालला होता, म्हणजे फिल्टरमधून गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा, आणि तिच्याबरोबर धूळ, गेलेली. पुढचे प्रश्न दोन आणि ते वेगळे ठेवले तरच उत्तर सापडतं: मशीनमधून बाहेर येणारी हवा स्वच्छ आहे का, आणि ती पुरेशी येते आहे का?

पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. मीटर मशीनच्या तोंडावर, हवा बाहेर पडते तिथे धरायचा. चांगला हेपा फिल्टर (मशीनमधला घड्या घातलेला मुख्य कागदी फिल्टर) ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे पकडायला सगळ्यात अवघड असलेले कणसुद्धा ९९.९ टक्क्यांहून जास्त अडवतो, त्यामुळे तोंडावरचा आकडा शून्य ते पाचमध्ये हवा. माझ्याकडे २ आला. हाच तीस-चाळीस आला असता तर फिल्टरच्या कडेने हवा निसटत होती असं समजायचं: फिल्टर तिरका बसलेला, किंवा कडेची फोमची पट्टी दबून सपाट झालेली, किंवा स्वस्तात आणलेल्या नकली फिल्टरला ती पट्टीच नसलेली.

म्हणजे फिल्टर ठीक? नाही. हेपाची गंमत ही की चोंदल्यावर त्याची गाळण्याची ताकद सहसा कमी होत नाही, उलट अडकलेल्या धुळीने ती थोडी वाढूही शकते. कमी होते ती आरपार जाणारी हवा. पाण्याचा फिल्टर चोंदल्यावर धार बारीक होते, पाणी गढूळ येत नाही, तसंच हे. तोंडावर २ आणि खोलीत ५० असं दिसलं की ओळखायचं, हवा कमी पडते आहे.

ती किती कमी पडते हे मोजायला उदबत्ती आणि फोनचं घड्याळ पुरतं. दारं-खिडक्या बंद, छताचा पंखा एकवर (हवा ढवळायला), खोलीच्या मध्यावर उदबत्ती, मीटर मशीनपासून लांब पलंगावर. आकडा २५० वर गेला की उदबत्ती बाहेर न्यायची, आणि २०० पासून १०० वर यायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. आधी प्युरिफायर बंद ठेवून एकदा, मग फुल स्पीडवर एकदा. दम्याचं माणूस घरात असेल तर ते बाहेर गेल्यावरच हा उद्योग करावा.

हिशेब सोपा आहे. ४१.६ (आकडा निम्मा होण्याच्या वेळेसाठीचा ठरलेला गुणक) ला मिनिटांनी भागलं की खोलीभर हवा तासाला किती वेळा साफ होते ते मिळतं. मशीन बंद असताना ७० मिनिटं लागली, म्हणजे ०.६, इतकी धूळ आपोआप बसते किंवा फटींतून जाते. चालू असताना १३ मिनिटं, म्हणजे ३.२. फरक २.६. खोली दहा फूट उंच, म्हणजे १२०० घनफूट, अर्थात ३४ घनमीटर. २.६ गुणिले ३४ म्हणजे तासाला जेमतेम ८८ घनमीटर स्वच्छ हवा. खोक्यावर सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा, ३०० छापलेला. मशीनमध्ये जीव एक तृतीयांशापेक्षाही कमी उरलेला, आणि 'फिल्टर बदला'चा दिवा अजून लागलाही नव्हता! बहुतेक मशीनमध्ये तो दिवा फक्त चाललेले तास मोजतो. शेजारी इमारतीचं काम चालू आहे की तुम्ही डोंगरावर राहता, त्याला कळत नाही.

फिल्टर विकत आणण्याआधी फुकटातलं करून घेतलं. बाहेरची जाळी म्हणजे प्री-फिल्टर काढला, त्यावर केसांची आणि गादीच्या धुळीची अक्षरशः गोधडी तयार झालेली. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, मऊ ब्रश, मग सावलीत पूर्ण वाळवणं. वाळवण्यात घाई केली तर ओल आतल्या कागदी हेपाला लागते आणि बुरशी धरते. एक रात्र मशीन बंद राहिलं तरी चालेल. (ही जाळी एरवी दर दोन-तीन आठवड्यांनी साफ करावी.) हेपा मात्र कधीही धुवायचा नाही. कंपनीनेच तो धुता येणारा म्हणून दिला असेल तरच, आणि असे फार थोडे. धुतल्यावर तो स्वच्छ दिसतो, पण कागदाच्या घड्या फुगतात, बारीक तंतूंची वीण बिघडते. बाहेरून व्हॅक्यूमच्या ब्रशने अलगद फिरवणं एवढंच, आणि त्यानेही खोलवरची धूळ निघत नाही. गॅलरीत आपटणं तर नकोच. सगळं परत आपल्याच नाकात.

घरघर पंख्याची होती. आवाजावरून अंदाज बांधता येतो: ठरावीक अंतराने कट-कट म्हणजे काहीतरी पात्याला लागतंय, जाड घरघर म्हणजे पात्यांवर धूळ कमी-जास्त बसून तोल गेलाय, शिट्टीसारखा बारीक आवाज म्हणजे हवेची वाट अडलीय, आणि वेग कमी केला तरी राहणारी किर्र म्हणजे बेअरिंग, ते आपलं काम नाही. वरची जाळी चार स्क्रूंवर होती. पात्यांच्या आतल्या वळणात धुळीचा करडा लेप. पंखा बोटाने धरून ठेवून रंगाच्या अर्ध्या इंची कोरड्या ब्रशने एकेक पातं झाडलं. पात्याच्या कडेला एक इवलीशी धातूची क्लिप दिसते. ती कचरा समजून काढू नका, तोल साधायला कारखान्यातच लावलेली असते. व्हॅक्यूम लावताना पंखा गरागरा फिरू द्यायचा नाही, मोटर उलटी वीज तयार करते आणि बोर्डाला ते मानवत नाही.

इतकं करून उदबत्ती पुन्हा: ९ मिनिटं. ४.६ वजा ०.६, गुणिले ३४, म्हणजे १३६. घरघर गेली, तरी निम्म्याच्याही खालीच. आता फिल्टर बदलणं भाग होतं, आणि आता ते अंदाजाने नव्हतं. कुबट वासाचंही मूळ तिथेच होतं. हेपाच्या आतल्या कोळशाच्या थराने पावसाळाभर ओल आणि स्वयंपाकाचे वास धरून ठेवलेले. कोळसा उन्हात ठेवून 'ताजा' होतो असं सगळीकडे सांगतात. वास दोन दिवस कमी होतो इतकंच. कोळसा खरोखर मोकळा करायला शेकडो अंशांची भट्टी लागते.

नवा फिल्टर बसवताना आतली प्लास्टिकची पिशवी काढली का ते बघायचं. हसू नका, नव्या मशीनच्या 'हवाच येत नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा तीच असते. फिल्टर गळ्यापर्यंत सरकवून 'टक्' आवाज येईपर्यंत फिरवला. दार पूर्ण मिटलं नाही तर आतला छोटा स्विच दाबला जात नाही आणि मशीन चालूच होत नाही. असं झालं की लोक मोटर जळाली समजतात. रिसेट बटण पाच सेकंद दाबून तासांचा काटा शून्यावर आणला. जुनाच फिल्टर ठेवून रिसेट मारलं तर दिवा विझतो, बाकी काही होत नाही.

उदबत्ती तिसऱ्यांदा: साडेपाच मिनिटं, म्हणजे साधारण २३७. खोक्यावरच्या ३०० पर्यंत घरात कोणी पोचत नाही, कपाटं-पलंग-पडदे असतात. मशीन भिंतीपासून फूटभर पुढे आणि पडद्यापासून लांब ठेवलंय. रात्री मधल्या स्पीडवर खोलीतला आकडा १५ च्या खाली राहतो. भारतीय मानकाची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५.

दोन खोटे लाल दिवे यानंतरही दिसतील. धुक्यात आणि पावसाळी दमट हवेत सेन्सर पाण्याचे थेंब धूळ म्हणून मोजतो. आणि ज्या मशीनमध्ये गॅसचा वेगळा सेन्सर असतो, ते डिओ, सॅनिटायझर, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या यांनीही लाल होतं. अर्धा तास खिडकी उघडली की उतरतं.

पावसाळ्यात तसंही बाहेरची धूळ पावसाने धुतली जाते, म्हणून जुलै-ऑगस्ट मशीन बंद. बंद करण्याआधी कोरड्या दिवशी तासभर फुल स्पीडवर चालवून, फिल्टर काढून जाड पिशवीत हवाबंद करून कपाटाच्या वरच्या खणात. फिल्टरच्या कडेवर मार्करने लिहिलंय: जानेवारी, ५.५ मिनिटं. दर तीन महिन्यांनी उदबत्ती लावायची, वेळ ११ मिनिटांवर गेली की नवा मागवायचा.